लोखंडी टोपीतलं नाव

दोंडाईच्यात अभिमन आबांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आधी धक्का बसतो आणि मग पाणी मिळतं. समोरच्या भिंतीला भांड्यांची लांबलचक मांडणी आहे. तिच्यावर डबे, पातेली, ताटं असायला हवीत, तिथे ओळीने लोखंडी टोप्या बसल्या आहेत. फौजेतल्या, लढाईतल्या, एकूण सदतीस. कुणाला पोचा, कुणाची कड उलगडलेली, एकीच्या माथ्याला आरपार भोक. कुंदाबाई, म्हणजे आबांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की या घरात डोकी दोन आणि टोप्या सदतीस, आणि त्या दोन डोक्यांतलंही एक कधीच कामातून गेलंय. आबा हे पन्नास वेळा ऐकूनही हसतात. संसार टिकतो तो असा.

आबांचा धंदा म्हणाल तर भांड्यांवर नावं टाकायचा. छिन्नी आणि हातोडी घेऊन, टिंबाला टिंब लावत. पुढे विजेचं मशीन आलं, घुर्र करून दोन मिनिटांत नाव उठवणारं. आबांनी तेही घेतलं, पण जीव लावला नाही. दोंडाईच्याच्या आसपास जुन्या लग्नाच्या घरात कुठेही जा, एखाद्या हंड्यावर नाहीतर गंजावर आबांच्या हातची टिंबं सापडायचीच.

टोप्यांचं वेड लागलं ते दुकानातच. चाळीस वर्षांपूर्वी शिंदखेड्याकडची एक बाई मोड घेऊन आली. मोड म्हणजे जुनी फुटकी भांडी, ती वजनावर घालून नवी न्यायची. त्या ढिगात एक लोखंडी टोपी होती, कोंबड्यांना पाणी ठेवायची. आबांनी ती उचलली, उलटी केली आणि कडेच्या आतून अंगठा फिरवला. काही नव्हतं. फक्त रंगाने लिहिलेला, अर्धा पुसलेला एक नंबर होता. आबांनी तो कागदावर उतरवून इकडे तिकडे पत्रं टाकली, आणि चार महिन्यांनी साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या हवालदाराचं उत्तर आलं. आबा एस.टी.ने टोपी घेऊन गेले. हवालदार ती मांडीवर घेऊन तासभर बसला, मग जेवायला वाढा म्हणाला.

तेव्हापासून धुळ्याचा भंगार बाजार म्हणू नका, जळगावचा म्हणू नका, आबांनी काही सोडलं नाही. चौदा टोप्या त्यांनी धन्यांच्या नाहीतर धन्यांच्या लेकरांच्या हातात दिल्या. सदतीस अजून वाट पाहताहेत. पण कुठलीही टोपी हाती आली की आबा आधी ती उलटी करत आणि कडेच्या आतून अंगठा फिरवत. मग चेहरा जरा उतरे, आणि मग कामाला लागत. बाकी कुणाच्या हे लक्षात येत नसे. कुंदाबाईंच्या येई. त्या तेवढ्यापुरती चेष्टा बंद ठेवत.

कारण त्यांना माहीत होतं की आबा सगळ्या टोप्या शोधत नव्हते. एकच शोधत होते.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आबा अजून आबा झालेले नव्हते. निंबा पाटलाचा धाकटा अभिमन, वय सोळा, शाळेत मन लागेना म्हणून प्रेमराज शेठच्या दुकानात नाव टाकायला शिकत होता. प्रेमराज मूळचे सोनगीरचे तांबट. हाताचे पक्के, जिभेचे तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला एक रीत शिकवली. आहेराच्या भांड्यावर आधी देणाऱ्याचं नाव टाकायचं, घेणाऱ्याचं नंतर, जागा उरली तर. घेणाऱ्याला आपलं नाव माहीत असतंच, ते म्हणत, विसरला जातो तो देणारा.

थोरला भाऊ हिलाल फौजेत होता. बावीस वर्षांचा, उंच, सदा हसरा. कुणाच्या तरी हाती त्याचा निरोप आला की पलटण गुजरातेतून पूर्वेकडे निघाली आहे आणि गाडी दोंडाईच्याला इंजिनात पाणी भरायला अर्धा तास थांबेल. आई मंजुळाबाईंनी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली. अभिमनकडे द्यायला काय होतं? त्याने खिशात छिन्नी आणि हातोडी टाकली.

फलाटावर आईने हिलालच्या तोंडावरून हात फिरवून घेतला, आणि तिचं पोटभर झाल्यावर अभिमन पुढे सरकला. टोपी दे, आत नाव टाकून देतो, म्हणाला. हिलालला हसू आलं. फौजेत नंबर असतो, नाव विचारतो कोण? पण त्याने टोपी काढून दिली. थोरले भाऊ देतात.

अभिमनने टोपी बाकावर पालथी धरली, उलटी धरली, कड आवळून बसला. पितळ असतं तर चार मिनिटांचं काम होतं. हे लोखंड मात्र भलतंच कडक. छिन्नी घसरे, टोक बोथट होई, एका टिंबाला चार घाव लागत. आणि त्याच्या डोक्यात पक्कं होतं की हा आपला भावाला आहेर, म्हणजे रीत रीतीसारखी व्हायला हवी. आधी देणाऱ्याचं नाव. ‘अभिमनकडून हिलालला, दोंडाईचा’ असं सगळं त्याने मनात मांडलेलं होतं. ‘अभिमन’ पुरं झालं आणि इंजिनाने शिटी दिली.

तो टोपी घेऊन गाडीबरोबर धावला. तुझं नाव राहिलं, माझंच पडलं, असं काहीतरी रडत ओरडत होता. हिलालने दारातून वाकून टोपी घेतली, आत अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“ऱ्हाऊ दे रे भो,” तो म्हणाला. “तुन्हं नाव ते मन्हंच नाव.”

त्यानंतर हिलाल कुणाला दिसला नाही.

आधी कागद आला तो बेपत्ता म्हणून. बऱ्याच काळाने दुसरा आला, त्यात मृत समजण्यात यावे असं होतं. मंजुळाबाईंनी तो तीनदा वाचून घेतला आणि विचारलं की समजावं म्हणजे काय, मेला की नाही ते सांगा.

आता आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके चढतात, घरोघरी सांजोऱ्या होतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांसाठी नवी मातीची घागर पाण्याने भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा ठेवतात, आणि उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतात. वैशाखाच्या उन्हात आपल्या माणसाला पाणी मिळावं, एवढाच त्याचा अर्थ. त्र्याहत्तरच्या आखाजीला भाऊबंद म्हणाले, हिलालचीही घागर भरा आता. मंजुळाबाई उंबरठ्यात उभ्या राहिल्या.

“ज्यानी त्याले डोयानी देखं, असा एक मानूस मन्हापुढे लई या,” त्या म्हणाल्या. “तोपावत मन्हा हिलालनी घागर कोन्ही भरानी नही.”

त्यानंतर त्या तीस वर्षं जगल्या. हिलालला डोळ्यांनी पाहिलेला असा माणूस कुणी आणला नाही. दर आखाजीला सासऱ्याचं बोट ओढत, पुढे नवऱ्याचं ओढू लागल्या, आणि कुंकवाचं बोट पदराला पुसून टाकत. त्या गेल्या, पण शब्द घरात राहिला. आबांनी तो मोडला नाही. मोडायचा तरी कुठल्या तोंडाने? त्यांना पक्कं वाटे की टोपीत हिलालचं नाव असतं, गावाचं नाव असतं, तर ती कुणाच्या तरी हाती लागून निरोप आला असता. एका शिकाऊ पोराने रीत पाळली आणि आई तीस वर्षं दाराकडे बघत राहिली. हे दुःख आबांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण ते होतं आणि रोज होतं.

कुंदाबाईंची एक खोड मात्र आबांना समजली नव्हती. दर आखाजीला कुंभाराकडून त्या एक घागर जास्तीची आणत. आबा विचारत, ही कशाला? तर म्हणत, उन्हाळा आहे, गार पाण्याला होईल. आबा म्हणत, घरात फ्रिज आहे. त्या म्हणत, असू दे. घागर कोपऱ्यात पालथी पडून राही आणि पुढे तिच्यात खरंच पिण्याचं पाणी भरलं जाई.

यंदा एका वर्तमानपत्राने आबांच्या टोप्यांवर फोटोसकट मजकूर छापला. त्यानंतर आठ दिवसांनी, आखाजीला दोन दिवस असताना, दुपारी फोन आला. चोपड्याजवळून नवीन नावाचा केळीवाला शेतकरी बोलत होता. त्याचे वडील जीवराम एकाहत्तरच्या लढाईत ट्रकवर होते. त्यांच्याकडे एक टोपी आहे, पण ती त्यांची नाही, दुसऱ्या कुणाची तरी आहे. वडिलांना मरण्याआधी तिचा धनी सापडायला हवा आहे. आबा मदत करतील का?

आबांनी नेहमीप्रमाणे वही ओढली आणि नंबर काय आहे विचारलं. नंबर नाही, नवीन म्हणाला. रंग उडून गेलाय. पण कडेच्या आत भांड्यावर टाकतात तसं टिंबाटिंबाचं नाव आहे.

“कुठलं?” आबांनी विचारलं.

“अभिमन. तुमचंच नाव. म्हणून तर पेपर वाचून मला गंमत वाटली.”

आबांनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नाही. कुंदाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, पत्ता लिहून घेतला आणि उद्याच येतील म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेक सारिका पोरांना घेऊन आखाजीला माहेरी येणार होती. आबा म्हणाले, लेक येतेय आणि मी निघून कसा जाऊ? कुंदाबाई म्हणाल्या, लेक दर वर्षी येते.

सकाळच्या गाडीने आबा निघाले. पिशवीत एक धोतर, सदरा, आणि जुनी छिन्नी-हातोडी. ती का घेतली ते त्यांनाच ठाऊक. तापीच्या पुलावर त्यांनी खिडकीतून हात जोडले. शिरपूरला गाडी बदलली. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या आणि लांब सातपुडा दिसायला लागला, तसे आबांच्या मनात नको ते विचार येऊ लागले. टोपी वाचली, तर माणूसही वाचला असेल. कुठे दूर संसार करून असेल. डोक्याला मार लागून गाव विसरला असेल. सत्तरीच्या माणसाने असे विचार करू नयेत, पण आशेला वयाचं भान नसतं. चोपडा येईपर्यंत आबांनी हिलालला तीन मुलं आणि एक नातू देऊन टाकला होता.

मळ्यातल्या घरापुढे कडुनिंबाखाली खाटेवर जीवराम बसले होते. नव्वदीचे वाटावेत असे खंगलेले, पण आबांहून सात-आठच वर्षांनी मोठे. डोळ्यांनी जेमतेम उजेड दिसे. त्यांची बायको मंदाबाई पाणी घेऊन आल्या. पलीकडे ओट्यावर उद्याच्या दोन नव्या घागरी ठेवल्या होत्या. नवीनने वडिलांना सांगितलं की टोप्यांचे धनी शोधणारे पाहुणे आलेत. जीवरामांनी हात पुढे केला आणि नाव विचारलं.

“अभिमन,” आबा म्हणाले. “दोंडाईच्याचा.”

जीवरामांनी तो हात धरला तो सोडलाच नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी आबांचा चेहरा, कपाळ, डोक्याचे केस चाचपले.

“टोपी लेवाले उना का रे भो?” ते म्हणाले. “कितला येळ लावा.”

आबांना क्षणभर काहीच कळेना. मग कळलं, आणि गाडीतली तीन मुलं आणि तो नातू तिथल्या तिथे विरून गेले. या माणसाला वाटत होतं की टोपीचा धनी जगला आणि आज परत आला. म्हणजे टोपी हाती आल्यावर यानेही त्याला पुन्हा पाहिलं नव्हतं. आबांना वाटलं, गप्प बसावं. म्हाताऱ्याचा हा आनंद मोडायचं पाप आपल्या हातून कशाला? पण हिलालचं नाव एकदा त्यांनी खाल्लं होतं. दुसऱ्यांदा खाणं त्यांना जमेना.

त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. फलाट, शिटी, रीत, अर्धवट राहिलेलं नाव. मी तो नाही, म्हणाले. माझ्या भावाची टोपी आहे ती. त्याचं नाव हिलाल.

मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हाताऱ्याने सांगायला सुरुवात केली, आणि चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी आबा भंगारातून अंगठा फिरवत हिंडले, ती त्यांना निंबाच्या सावलीत बसून ऐकायला मिळाली.

पूर्वेकडच्या भातशेतांत एका बांधावर जीवरामांचा ट्रक चिखलात रुतला होता. तोफांचा मारा सुरू झाला. ते खाली उडी टाकताना पायावर पडले, पाय मोडला, टोपी कुठल्या कुठे गेली. चिखलात पडल्या पडल्या आईला हाका मारत होते. तेवढ्यात पाच-सहा शिपाई वाकून धावत गेले. त्यातला एक थबकला. परमुलखात आपल्या बोलीतली हाक कानावर आली म्हणून थबकला. गुडघ्यावर बसून त्याने विचारलं, कुठला? जीवराम म्हणाले, चोपड्याचा. तो हसला. तसल्या आगीत हसला, हे जीवरामांनी दोनदा सांगितलं. मग त्याने स्वतःची टोपी काढून जीवरामांच्या डोक्यावर घातली.

“तुन्हं डोकं उघडं शे भो, ले,” तो म्हणाला होता. “मी परत लेवाले येसू.”

आणि बांधापलीकडे गेला. तो बांध उतरला आणि त्याच जागी गोळा पडला. जीवरामांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्या पाच-सहांतलं कुणी उठलं नाही. तरी मघाशी नाव ऐकताच त्यांना वाटलं होतं, तो दिल्या शब्दाला जागला. थोड्या वेळाने एक तुकडा जीवरामांच्या डोक्यावर येऊन आदळला, पण डोक्याला टोपी होती.

इस्पितळात त्यांना टोपीतलं नाव सापडलं. ज्याला त्याला विचारलं, अभिमन कोण, कुठल्या पलटणीतला? त्या नावाचा माणूस कुठल्याच यादीत नव्हता. घरी आल्यावर त्यांच्या आईने सांगितलं की ज्याने तुझं डोकं राखलं त्याचं घर सापडेपर्यंत त्याची घागर आपण भरू. तेव्हापासून या उंबरठ्यावर दर आखाजीला अभिमनच्या नावाचं एक बोट ओढलं जात होतं. आबा नाव टाकण्याच्या धंद्यात जन्मभर राहिले, पण आपल्याच नावाचं हे काम त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जीवराम पुढे म्हणाले की बोलीवरून तो आपल्याच मुलखातला वाटला, म्हणून पाय बरा झाल्यावर ते गावोगाव विचारत हिंडले. चौऱ्याहत्तर साली दोंडाईच्यालाही येऊन गेले. एस.टी. स्टँडवरच्या पानवाल्याला विचारलं, लढाईत गेलेला कुणी अभिमन आहे का इथे? पानवाला म्हणाला, लढाईत गेलेला नाही. एकच अभिमन आहे, तो त्या भांड्यांच्या दुकानात नावं टाकतो. जीवराम दुकानासमोर जाऊन उभे राहिले. एक पोरगा मान खाली घालून हंड्यावर टकटक करत होता.

“मी म्हनं, हाऊ ते जित्ता शे,” जीवराम म्हणाले. “हाऊ नही. मंग फिरी गऊ.”

आबा उठले आणि निंबापलीकडे पाठ करून उभे राहिले. चौऱ्याहत्तर साली आई पन्नाशीचीसुद्धा नव्हती. हा माणूस दहा पावलं पुढे आला असता, किंवा आपण नुसती मान वर केली असती, तर आई एकोणतीस वर्षं आधी रडून मोकळी झाली असती. आबांना हुंदका आवरला नाही आणि त्यांनी तो आवरलाही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी हसत हसत कितीकांना ऐकवली होती. ती इतकी कडू असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

नवीनने देवघरातून टोपी आणली. उजव्या अंगाला खोल पोचा होता. आबांनी ती उलटी केली आणि कडेच्या आतून अंगठा फिरवला. टिंबं होती. ‘न’ची उभी रेघ उगाच लांबलेली, ‘भि’ची वेलांटी वाकडी, छिन्नी घसरल्याचा ओरखडा तसाच. सोळा वर्षांच्या पोराचा हात त्यांनी ओळखला.

जीवराम म्हणाले, तुमच्या घरची वस्तू आहे, घेऊन जा. आबांनी मान हलवली. चौदा टोप्या त्यांनी धन्यांना परत केल्या होत्या, तेव्हा धनी कोण हे त्यांना चांगलं कळत होतं. हिलालने ही आपल्या हाताने दिली होती, आणि दिलेला आहेर कुणी परत नेत नाही. फक्त देणाऱ्याचं नाव त्याच्यावर हवं. त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि ओट्यावर बसले. लोखंड अजूनही तितकंच कडक होतं आणि हात आता सत्तरीचा होता. तीन अक्षरांना ऊन कलेपर्यंत वेळ लागला. जीवराम शेजारी बसून टकटक ऐकत होते. झाल्यावर त्यांनी अंगठा फिरवून पाहिला आणि अक्षर अक्षर लावत हिलाल म्हणाले.

रात्री मंदाबाईंनी आबांना जाऊ दिलं नाही.

सकाळी आखाजी. मंदाबाईंनी उंबरठा धुतला, दोन्ही घागरी भरल्या, वर डांगर आणि आंबा ठेवला, सांजोऱ्या मांडल्या. सासू-सासऱ्यांची बोटं ओढली. मग कुंकवाची वाटी हातात धरून त्या थांबल्या. पाहुण्यासमोर काय नाव घ्यावं ते त्यांना कळेना. त्यांनी आबांकडे पाहिलं.

“चोपन वरीस तुम्हना नावनं पानी भरं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ते त्याले पोचनं व्हई का?”

आबांना फलाट आठवला. दारातून वाकलेला हिलाल आठवला, टोपीत अंगठा फिरवणारा. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की भावाने ते रडणाऱ्या पोराला गप्प करायला म्हटलं.

“पोचनं,” आबा म्हणाले. “मन्हं नाव ते त्यान्हंच नाव.”

त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि उंबरठ्यावर हिलालचं बोट स्वतः ओढलं. मग अंगणात येऊन घरी फोन लावला. पलीकडे सारिकाच्या पोरांचा गलका होता. कुंदाबाई फोनवर आल्या. आबांनी विचारलं, बोटं ओढून झाली का? त्या म्हणाल्या, बसतेच आहे आता.

“आईचं बोट ओढशील तेव्हा तिला सांग,” ते म्हणाले. “ज्याने त्याला पाहिला तो माणूस भेटला.”

कुंदाबाईंनी पलीकडे पोरांना गप्प केलं. आबांनी विचारलं, आता ऐन वेळी हिलालभाऊसाठी घागर कुठून आणशील?

“आहे कोपऱ्यात,” कुंदाबाई म्हणाल्या. “दर वर्षी त्यांच्यासाठीच आणते.”